बहिणीनं वाचवलेला कोंबडा

बहीण माहेरी आली की घर भरते म्हणतात. माही बहीण आली अन् माहं खुराडं रिकामं झालं. तिकडं मूर्तिजापूरले कोंबड्यांवर मानमोडी आली, म्हणून वाचलेला एकच कोंबडा तिनं भातकुलीले आणला. आठवड्यात माह्या साऱ्या कोंबड्या मेल्या.

"तुह्या गावचा रोग येगळा हाय, भाऊ. माहा कोंबडा पाय, कसा ठणठणीत!"

ढोरांच्या डॉक्टरनं दोन्ही गावच्या मेलेल्या कोंबड्या बर्फात घालून तपासाले धाडल्या. जवाब आला, रोग एकच.

"मंग माहा कावून नाई मेला?"

"बाई, तो दुखण्यातून उठला, म्हणून तर रोग इथवर घेऊन आला," डॉक्टर म्हणाला.

"काप त्याले," मी म्हटलं.

तिनं कोंबडा पदराखाली घेतला अन् स्टेशनाची वाट धरली. त्या भाऊबीजेले ती आली नाई, मीबी बोलावलं नाई.