आक्काचा अंगठा

तुम्ही म्हणाल मी थापा मारतो, पण दोन्ही वेळेला साक्षीदार मीच होतो. आमचा दोस्त शिवाजी, रिटायर सुभेदार, वडिलांची रहिमतपूरची जागा विकायला निघाला. रिवाजाप्रमाणे आधी थोरल्या बहिणीकडून, आक्काकडून, हक्कसोड पत्र घ्यायचं ठरलं. निम्मा वाटा सोडताना आक्काचा जीव तुटत होता, पण भावाला तोंडावर नाही म्हटलं तर माहेरच तुटायचं. बिचारी गुमान तासगावहून आली.

रजिस्टर ऑफिसातलं मशीन तिचा अंगठाच घेईना. पुसला, तेल लावलं, परत पुसला.

साहेब म्हणाले, "रेषा झिजल्यात. नंतर या."

"जल्मभर शेतात तण उपटत भांगलण केली, सायेब," आक्का म्हणाली.

मधल्या दिवसांत शिवाजी साताऱ्याच्या कर सल्लागाराला विचारून आला. सगळी जागा एकट्यानं विकली तर सगळ्या नफ्यावर कर त्यालाच बसणार होता. बहिणीलाही विकणारी म्हणून धरलं तर तो निम्म्यावरच, आणि निम्मे पैसे मात्र तिच्या खात्यात.

शिवाजी मला म्हणाला, "गड्या, सरकारला देण्यापरास भनीला दिल्यालं काय वाईट?"

हिशेब कच्चा होता, पण मी कशाला सुधारतोय!

खरेदीखताच्या दिवशी मला धाकधूक होती. आक्कानं अंगठा ठेवला आणि मशीननं पहिल्याच फटक्यात घेतला.

शिवाजी बघतच राहिला. "आक्का, आज काय लावलंस गं अंगठ्याला?"

"काय न्हाई रं. तवा नुसता टेकवला हुता, आज दाबला."