न वाजवता घेतलेली गिटार

...आणि वर मलाच विचारतात, "एक गिटार घ्यायला चार महिने?" अहो, चार महिने म्हणजे कमीच झाले! तुम्ही घेऊन दाखवा. स्वस्तातली कुणीही घेईल हो, वाईट निघाली तर म्हणायचं, स्वस्तातलीच होती. महागातलीही डोळे मिटून घेता येते, वाईट निघाली तर म्हणायचं, आपल्यालाच वाजवता येत नाही. मरण आहे ते मधल्या किमतीचं! मधल्या किमतीत अक्कल वापरावी लागते, आणि ती वापरली की नाही हे नंतर सगळ्या घराला कळतं.

तुम्हाला सांगते, माझा धंदाच मुळी दुसऱ्यांना निवड करायला लावण्याचा. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते मी. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, भिंगं बदलायची आणि विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?... आणि आता? पहिलं की दुसरं?" लोकांना घाम फुटतो. "दोन्ही सारखीच वाटतात हो," म्हणतात बिचारे, आणि मी आपली शांतपणे, "सावकाश सांगा, घाई नाही." तिथे माझ्याइतकं धीराचं माणूस नाही! फक्त ते डोळ्यात हवेची फुंकर मारणारं मशीन आहे ना, त्याचं बटण दाबलं की पेशंट दगडासारखा बसतो आणि मी दचकते. तीन वर्षं झाली. स्वतःच बटण दाबते आणि स्वतःच दचकते!

तर अशी मी, आणि मला हवी होती इलेक्ट्रिक गिटार. हसा, हसा. साधी गिटार मी सहा वर्षं वाजवतेय, पण कशी? खोलीचं दार लावून, दाराच्या फटीत चादर कोंबून, तारांखाली हातरुमाल घालून! इतकी हळू की आईला वाटतं मी झोपलेय. सहा वर्षांत माझं वाजवणं एकाही माणसाने ऐकलेलं नाही. चांगलं वाजवते की वाईट, मलाही ठाऊक नाही, कारण रुमालातून मलाच नीट ऐकू येत नाही!

आणि मग त्या दातांच्या डॉक्टरबाई आल्या नंबर काढायला. डॉक्टरबाई ड्रम वाजवतात, त्यांची एक मैत्रीण बँकेत आहे ती गाते, दुसरी शाळेत विज्ञान शिकवते ती बेस वाजवते, आणि रविवारी सकाळी दवाखाना बंद असला की पेशंट बसतात त्या बाहेरच्या खोलीत तिघींचा बँड चालतो. त्यांची गिटारवाली बदली होऊन गेली होती. "कुणी असेल तर सांगा हं," त्या म्हणाल्या. मी भिंग बदलता बदलता म्हटलं, "मी वाजवते." अंधारात माणूस काय वाटेल ते बोलतो हो! "अय्या, खरंच? इलेक्ट्रिक आहे ना?" "हो... आहे की." कुठली आहे! पण तोंडातून गेलं ते गेलं. आणि खरं सांगू? मला एकदा, फक्त एकदा, माझं वाजवणं भिंतीच्या पलीकडे जायला हवं होतं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू. मोबाइलवर एक दाढीवाला गृहस्थ आहे, तो मांडीवर गिटार घेऊन वीस मिनिटं बोलतो आणि शेवटी म्हणतो, "मित्रांनो, या किमतीत याहून चांगली मिळायची नाही!" मी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तोच दाढीवाला, तोच शर्ट, मांडीवर वेगळी गिटार... "मित्रांनो, या किमतीत याहून चांगली मिळायची नाही!" अहो, मग कालची? काल रात्रीतून तिला काय झालं?

दुकानात मागच्या खोलीत काच घासणारे काका आहेत, त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "माझ्या मेव्हण्याची आहे बघ पडून, एकच तार तुटलीय, या किमतीत याहून चांगली मिळायची नाही." बघायला गेले तर एकच तार शिल्लक होती!

मग दादा मध्ये पडला. आमच्या दादाला वाद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण वस्तू घ्यायची म्हटलं की त्याच्या अंगात येतं. त्याने कॉम्प्युटरवर तक्ता केला. तेवीस रकाने! वजन, लाकूड, तारांखालचे ते पिकअप किती, दांड्याची रुंदी, आणि शेवटचा रकाना, "परत विकताना." मी म्हटलं, "अरे, अजून घेतली नाही!" तर म्हणतो, "तोच तर तुझा प्रॉब्लेम आहे. तू पुढचं बघतच नाहीस." आठवडाभर बसून त्याने सगळ्यांची बेरीज केली आणि पहिल्या नंबरावर सात गिटारी आल्या. सातही सारख्या मार्कांनी!

आई म्हणाली, "लाल घे. काळ्यावर धूळ दिसते." पाच मिनिटांनी परत आली. "आणि ओल्या हाताने लावू नकोस, विजेची आहे." तुम्हाला सांगते, चार महिन्यांत मला मिळालेला हा एकमेव स्पष्ट सल्ला.

तिकडे डॉक्टरबाईंना दर रविवारी नवी थाप. सर्दी झालीय. गिटार दुरुस्तीला टाकलीय. दुरुस्तीवाल्याला सर्दी झालीय! शेवटी त्यांचा फोन आला, अगदी गोड आवाजात, दाढ काढायच्या आधी बोलतात ना तशा. "हे बघा, या रविवारी याच. नाही जमलं तर राग नाही हं, माझी भाची आहे, कॉलेजात शिकते. तिच्याकडे स्वतःची नाही, पण कुणाची तरी मागून आणेल. वाजवते बरी." मागून आणेल! आणि माझी सहा वर्षं गेली त्या रुमालात? शनिवारी दुपारी अर्धी रजा टाकली, दादाला घेतलं, दादाने तक्ता घेतला, आणि आम्ही दुकानात.

आता वाद्यांचं दुकान म्हणजे काय असतं सांगते. भिंतीवर वरपासून खालपर्यंत गिटारी टांगलेल्या, आणि एका कोपऱ्यात एक माणूस असतोच, असतोच, जो काही विकत घेत नाही, नुसता वाजवत असतो. दोन्ही हातांची बोटं दिसत नाहीत इतक्या वेगाने! त्याच्यासमोर मी वाजवायचं? विक्रेत्याने एक गिटार काढून माझ्या गळ्यात घातली, अॅम्प सुरू केला, म्हणजे ती आवाज मोठा करणारी पेटी, आणि वायर खुपसली. फट्ट! मी अशी उडाले की गिटारच्या टोकाने दादाचा चष्मा पाडला. "वाजवून बघा ना, मॅडम!" मी म्हटलं, "नको नको, वायर काढा. मी... तशीच बघते."

"तशीच?"

"तशीच."

आता बिनवायरीची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे कपाटावर नख मारावं तेवढाच आवाज. म्हणून मी काय केलं, मान वाकडी केली, कान गिटारच्या लाकडाला लावला, आणि हळूच एक तार छेडली. विक्रेता वाकून बघतोय. "काय ऐकताय, मॅडम?" आणि मी... देवा, कुठून सुचलं मला... मी म्हटलं, "लाकूड."

तुम्हाला सांगते, तो कोपऱ्यातला वेगवान माणूससुद्धा थांबला! विक्रेता पळत आत गेला, मालकांना घेऊन आला. मालक पांढऱ्या मिशांचे, गंभीर. मी आपली दुसरी गिटार, कान, टिंग. तिसरी, कान, टिंग. मालक विक्रेत्याला हळूच म्हणतात, "बघ. याला म्हणतात कान. नाहीतर हल्लीचे, नुसता दणदणाट!" आणि आमचा दादा! ज्याला काल रात्रीपर्यंत गिटारला किती तारा असतात ते माहीत नव्हतं, तो चष्मा पुसत म्हणतो, "माझी बहीण आहे. ती असंच बघते."

अकरा गिटारी बघितल्या मी अशा. अकरा! आता वायर लावा म्हणायची सोय उरली नव्हती. कुठल्या तोंडाने म्हणणार? एक गृहस्थ तर दोन गिटारी घेऊनच आले, "ताई, जरा कान लावता का?" मी लावला. काय करणार? "पहिली बरी की दुसरी?" मी सवयीने विचारलं. "दोन्ही सारख्याच वाटतात हो," ते म्हणाले. "सावकाश सांगा," मी म्हटलं, आणि त्यांनी घेतलीसुद्धा! दोन मिनिटांत! हात जोडून गेले.

मग मालकांनी आतल्या खोलीतून एक गिटार आणली. काळी. "ही आम्ही बाहेर लावत नाही. किंमत मधलीच, पण आवाजाने जरा आडदांड आहे. सगळ्यांना झेपत नाही. तुमच्यासारख्यांनी घ्यावी." मी कान लावला. टिंग. इतकं गोड, इतकं मऊ, जणू माझ्या रुमालातूनच येतंय! आडदांड? ही? मी पुन्हा छेडली, आणि दुकानात पहिल्यांदाच मला धीर आला. मालक माझ्याकडे बघत म्हणाले, "या किमतीत याहून चांगली मिळायची नाही." आणि मी चार महिन्यांत पहिल्यांदा, कुणालाही न विचारता, म्हटलं, "द्या." दादा तक्त्यात शोधतच राहिला. ती तक्त्यात नव्हतीच.

घरी आईने दार उघडलं. "काळी?" एवढंच म्हणाली, आणि फडकं आणायला गेली.

रविवार. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, भिंतीवर भलीमोठी कापलेली दाढ, तिची मुळं दाखवणारं चित्र, आणि त्याखाली ड्रमवर डॉक्टरबाई. जुन्या गिटारवालीचा अॅम्प तिथेच होता. भाचीही आलेली, "नुसती ऐकायला हं," म्हणत सोफ्यावर पाय दुमडून बसलेली, हात रिकामे. माझ्याच हाताने मी वायर लावली, सहा वर्षं मनात धरली, आणि पहिला सूर वाजवला.

अहो, टिंग नाही! ढँऽऽऽग! औषधांच्या कपाटाची काच थरथरली. मी मागे उडाले, तार छेडायची ती चकती, ते पिक, हातातून उडालं, विज्ञानवाल्या बाईंनी छातीवर हात ठेवला. "आवाज कमी करा," गाणाऱ्या बाई म्हणाल्या. केला. तरी ढँग! आडदांड म्हणजे आडदांड! लाकडाला कान लावून जे ऐकलं ते लाकूड होतं हो, गिटार हीच होती! आणि माझं काय होत होतं, मी वाजवायचे, दचकायचे, सावरेपर्यंत पुढची मात्रा निघून गेलेली. वाजव, दचक, चूक. वाजव, दचक, चूक. मीच बँडच्या मागे धावतेय! फक्त तिसऱ्या गाण्यात एकदा, एकदाच, हात बरोबर पडला. तो आवाज खिडकीतून बाहेर गेला, आणि खाली सायकलवरून जाणाऱ्या माणसाने पाय टेकून वर बघितलं. वर! माझ्याकडे! मला इतका आनंद झाला की उरलेलं गाणं मी वाजवायचीच विसरले.

"ताई, जरा बघू?" भाची म्हणाली.

दिली. काय करणार? तिने गळ्यात घातली, आवाज उलट वाढवला, आणि... सांगू? ती काळी बया तिच्या हातात अशी बोलली, अशी बोलली, की मी पहिल्यांदाच ऐकलं मी काय विकत आणलंय ते. ती गरजते तेव्हा पोरीची पापणी लवत नाही. गाणं संपलं. डॉक्टरबाईंनी काठ्या खाली ठेवल्या, रुमालाने मान पुसली, आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "काय गिटार निवडलीत हो! या किमतीत याहून चांगली मिळायची नाही!"

"आणि... वाजवणारी?" मी विचारलं.

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. "आपण असं करू," डॉक्टरबाई म्हणाल्या, तोच तो दाढ काढायच्या आधीचा आवाज, "सध्या तुम्ही दोघी येत जा. वाजवायचं काय ते बघू हळूहळू. गिटार तेवढी विसरू नका हं."

म्हणजे झाली एकदाची निवड. चार महिने मी जिला निवडत होते, तिला त्यांनी एका गाण्यात निवडलं. आईने विचारलं, "घेतलं का गं बँडमध्ये?" मी म्हटलं, "घेतलं." खोटं नाहीच ते. दर रविवारी जाते मी. नवीन मेंबर आहे, आडदांड आहे, जड आहे... तिला नेऊन पोचवायला आणि परत आणायला कुणीतरी घरचं माणूस नको का?