शिवरात्रीपर्यंतची मुदत

व्हय मावशी, ती चिठ्ठी माझीच — शुद्धलेखन लई चुकलं असंल, माफ करा, सातवीतच शाळा सुटली, अन् बोलणंबी असं साधंच हाय. मी बब्रुवान. तुमचा जावई बिभीषण कळंबकडं ज्यांच्या घरी सालगडी हाय, त्यांचा भाचा. न्हाय, बसत न्हाय, उभाच बरा. एवढंच सांगायला आलो — विमलला पाडव्यापर्यंत थांबवा. तुमच्या लेकांनी गेल्या गुढीपाडव्याला बारा महिन्यांची मुदत दिली होती, घरावर पत्रे घाल अन् बायको घेऊन जा, न्हायतर काडीमोड करून तिचा दुसरीकडं पाट लावू — ठाऊक हाय मला. पण गड्याचं साल पाडवा ते पाडवा असतंय, अन् यंदा मधी धोंड्याचा जादा महिना आला. तेरा झाले. साल भरल्याबिगर मजुरीचे दाणे न्हाईत, अन् दाणे न्हाईत तर पत्रे कुठनं?

त्याची चूक न्हाय. साल धरायच्या आधी त्यानं विचारलं होतं — "बब्रुवान, पंचांग तुमी वाचता, यंदा धोंडा हाय का?" मामा समोरच सुपारी कातरत बसले होते. वर बघितलं न्हाय, नुसता अडकित्ता थांबला. अन् मी म्हणलं — न्हाय. का म्हणलं? मामांच्या घरी जेवतो, म्हणून. मग जेठात धोंडा आलाच की! बिभीषण हसला — "तुमच्या पंचांगात नव्हता, मग आला कुठनं वो, रानातनं? गावचे जावई धोंडं जेवाया चालले, अन् आमी महिनाभर फुकट नांगर धरायचा!" वर म्हणला, सासरी चिठ्ठी तेवढी लिहा, साल लांबलं म्हणून. लिहितो म्हणलं.

तवाच लिहिली की — काय? तारीख? बघू... व्हय. दिवाळीची हाय. पाच महिने नुसतं लिहितो-लिहितोच म्हणत होतो. लिहायचं म्हणजे माझं खोटंबी लिहावं लागलं असतं... अन् लिहून झाल्यावरबी खिशातच ठेवली. तो विचारायचा, टाकली का? टाकली म्हणायचो. शिवरात्रीला तुमचे बारा महिने भरले. दुसऱ्या दिवशी टपालात टाकली.

परवा त्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं, मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं — तो नुसता बैल सोडत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांपुढं जाऊन उभा राहिलो, जन्मात पहिल्यांदा — म्हणलं, राहिलेले वीस दिवस मी भरतो, ह्याला दाणे देऊन सोडा. मामा म्हणले, "तुला कासरा तरी धरता येतो का रं?" पण सोडलं, दाणेबी दिले; पत्रे पाडव्यापर्यंत चढतील. उस्मानाबादला गाडी बदलून दोघं आलो. तिकडं वेशीपाशी बसलाय, नवा पटका बांधून. म्हणला, आधी तुमी जावा, मावशींचा राग बघून या.

मग बोलवू का त्याला? विमल दिसत न्हाय ती. रानात गेली का? ...पाट लावला? कवा? गेल्या सोमवारी? अन् माझी चिठ्ठी?

...बुधवारी.

न्हाय — लेकांना नका धाडू त्याच्याकडं. मीच सांगतो. तुम्ही आत जावा, मावशी. दार लावून घ्या.