सीटवरचं प्लास्टिक

आखातातल्या एका शोरूममध्ये नव्या गाडीची वाट बघत एक मराठी जोडपं माझ्या शेजारच्या सोफ्यावर बसलं होतं. सेल्समन आला.

“सर, सीट का प्लास्टिक निकाल दूँ?”

“नहीं नहीं, रहने दो.”

“अहो, काढू द्या की त्याला.”

“स्मिता, पुढे विकताना गाडी कोरी दिसते.”

“अजून चावी हातात आली नाही आणि विकताय कसली?”

“दोन वर्षांनी परत जायचंच आहे ना पुण्याला.”

“आपली निधी केजीत होती तेव्हापासून ऐकतेय. आता ती इथंच सखीरला युनिव्हर्सिटीत जाते.”

“बरं, स्क्रीन बघितलास का? आपल्या जुन्या टीव्हीएवढा आहे. हल्ली गाडीत बटणं म्हणून ठेवत नाहीत. एसीसुद्धा स्क्रीनवरच लावायचा.”

“त्याच्यावरचीही फिल्म ठेवणार असाल.”

“ठेवणारच. ओरखडे पडतात.”

“जुन्या गाडीत अकरा उन्हाळे प्लास्टिकला पाठ चिकटवून बसले मी. जनाबियात राहणाऱ्या त्या माणसानं ती विकत घेतली आणि आपल्यासमोरच सगळं टराटरा फाडलं. आठवतं?”

“आठवतं.”

“मी जाता जाता सीटला हात लावून पाहिला. इतकी मऊ होती हो आपली सीट. मला तेव्हा कळलं.”

“सर, गाडी रेडी है. यल्ला, चलें?”

“सुनो. मॅडम की साइड का प्लास्टिक निकाल दो.”

“और आपका, सर?”

“मेरा रहने दो. मुझे दो साल में वापस जाना है.”