खालून कापलेली दोन पानं

रविवार, ११ जानेवारी १९८७. सकाळचे सव्वाअकरा. वाशी, सेक्टर दोन, तळमजल्यावरचा फ्लॅट, जेवणाचं टेबल. एवढं पक्कं आहे. याच्या पुढचं सगळं मात्र… अहो, याला जबाबदार कोण?

तीस वर्षं मी हाच प्रश्न विचारत आलोय. पूल खचला, जबाबदार कोण? नळाला चार दिवस पाणी नाही, जबाबदार कोण? मंत्री घाम पुसायचे, इंजिनियर फायली चाळायचे, शेवटी एखाद्या शिपायाला पुढे ढकलायचे, पण उत्तर घेतल्याशिवाय हा बातमीदार खानोलकर खुर्चीवरून उठला नाही! आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर… थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

माझी मुलगी जयमाला. तिची आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती, म्हणजे पुढचं घर आम्ही दोघांनीच चालवलं. ती स्वयंपाक करायची, मी त्याला नावं ठेवायचो. बी.कॉम. झाली, परीक्षा दिली, सरकारी बँकेत ऑफिसर झाली, आणि शाखा कुठे? वाशीतच! घरापासून चालत सात मिनिटं! दुपारी एकला जेवायला घरी यायची हो! आख्खी सोसायटी जळायची आमच्यावर. आणि एक दिवस आमटी वाढता वाढता म्हणते कशी, "बाबा, मला फायनान्समध्ये मास्टर्स करायचंय. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचंय."

म्हटलं, "बँकेतच आहेस ना?"

"ही ती बँक नव्हे, बाबा."

"तिथे पासबुक असतं?"

"नाही."

"लोक पैसे ठेवायला येतात?"

"नाही हो!"

"मग लोक येतात कशाला?"

"लोक नाही, कंपन्या येतात. त्यांना भांडवल उभं करून द्यायचं. एका कंपनीला दुसरी घ्यायची असली तर बोलणी जुळवून द्यायची."

"म्हणजे वधूवर सूचक मंडळ!"

हसली नाही. आलेखाचा कागद आणून पुढ्यात पसरला. तीन रकाने. एक, इथलं एम.कॉम., दोन वर्षं. दोन, इथलीच मॅनेजमेंटची पदवी, त्यात फायनान्सबरोबर मार्केटिंग, कारखान्यातले कामगार, सगळ्यांचीच भेळ. तीन, लंडन. एकच वर्ष, फक्त फायनान्स, वर स्कॉलरशिपची सोय, आणि या धंद्यातल्या कंपन्या म्हणे वर्गाच्या दारात येऊन पोरं उचलतात. तिसऱ्या रकान्याखाली पेन्सिलीने बारीकशी फुली. म्हणजे निर्णय झालेला होता! मला फक्त कळवण्यात येत होतं!

मग काय, सोसायटी जमली. वरचे मोकाशी, खत कारखान्यात अकाउंट्सला, न बोलावता आले. "खानोलकरसाहेब, मुलीला कॉस्टिंग करायला सांगा, कॉस्टिंग! कुठेही कारखान्यात चिकटेल." म्हटलं, "मोकाशी, ती चिकटण्यासाठी शिकत नाहीये!" बघा, भांडत कुणाच्या बाजूने होतो मी? आमची भांडी घासणारी रखमा, वाशीगावचीच, आगरीण, ती दारातून म्हणाली, "सायेब, पोरगी यवरी शिकलेली हाय, आनखी कवरी शिकनार? आनि तुमी येकले काय करनार?" म्हटलं, "रखमा, मला काय धाड भरलीय?"

पण मी बातमीदार माणूस, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या सूत्राकडून खात्री केली. आमच्या पेपरात बाजारभावाचं पान बघणारा विलास, त्याला विचारलं. तो म्हणाला, "दादा, आपल्याकडे बँका या कामाचे विभाग आत्ता कुठे उघडतायत. चार टेबलं, आणि शिकलेला माणूस एक नाही. पाच वर्षांनी तुमच्या मुलीला शोधत येतील. पाठवा." झालं. खात्री पटली. बातमी खरी निघाली की बातमीदाराने रडायचं नसतं.

आता या त्या रविवारावर. अर्जाबरोबर निबंध द्यायचा होता, हाच कोर्स का निवडला, पाचशे शब्दांत. हिने लिहिले आठशे. हाताने, सुवाच्य, पाच पानं. म्हणाली, "बाबा, जरा कापून द्या ना." अहो, पंचवीस वर्षांच्या पोरीने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं काम मागितलं! मी लाल पेन्सिलीला टोक काढलं. आणि आमच्या धंद्याचा नियम तुम्हाला सांगतो, मला माझ्या पहिल्या उपसंपादकाने कानफटात मारल्यासारखा शिकवलेला: जागा कमी पडली की बातमी खालून कापायची. महत्त्वाचं सगळं वर असतं, खाली नुसती शेपटी. शेपटी वाचत बसायचं नाही! मी शब्द मोजले, तिसऱ्या पानाच्या तळाशी रेघ मारली, आणि शेवटच्या दोन पानांवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात… सर्रकन! दहा सेकंद! काय हात होता माझा!

ती बघत होती. म्हणाली, "बाबा, शेवटचं वाचलंत?"

म्हटलं, "शेवटी कुणी कामाचं लिहितं का?"

तिने पानं गोळा केली. मग "बरं," म्हणाली आणि टाइपरायटरवर बसली.

प्रवेश मिळाला. स्कॉलरशिप मिळाली. सप्टेंबरात गेली. मी विमानतळावर कस्टमच्या माणसाशी भांडलो, म्हणजे तिच्याकडे बघायला नको.

आता दुपारी एकला मी घरी येतो. हो, मीच! ऑफिस पलीकडे मुंबईत, पण काहीतरी काम काढून वाशीच्या मार्केटात येतो, कांद्याचे भाव घेतो आणि घरी. दार उघडतो. आमटी माझीच, नावं ठेवणाराही मीच. परवा तर चक्क चांगली झाली होती, तर बोलायला विषयच उरला नाही! रखमा म्हणते, "सायेब, भिंतीशी बोलताव काय?" म्हटलं, "भिंत उलट प्रश्न विचारत नाही, एवढंच दुखणं आहे."

कोर्स गेल्या सप्टेंबरात संपला. पत्र आलं: तिथल्याच कंपनीने घेतलं, काम आवडतंय, तब्येतीला जपा. परत येण्याबद्दल अक्षर नाही! मी संतापलो. याला जबाबदार कोण? तो कोर्स? ती कंपनी? तो विलास? त्याच तिरीमिरीत तिचं कपाट आवरायला काढलं, आणि रद्दीत ती पाच पानं निघाली. लाल रेघेसकट. म्हटलं, बघू तरी शेपटी.

इंग्रजीत होतं, मराठीत सांगतो. "कोर्स संपल्यावर मी परत येणार आहे. हे काम माझ्या देशात आता सुरू होतंय, ते मला तिथे करायचंय. आणि माझे वडील वाशीत एकटे आहेत. त्यांना प्रश्न विचारायची सवय आहे, आणि घरात उत्तर द्यायला दुसरं कुणी नाही."

आज बारा फेब्रुवारी एकोणीसशे एकोणनव्वद. पत्र लिहायला बसतो रोज. "जयू, मी ते वाचलं नव्हतं." एवढं एकच वाक्य, वरून कापा, खालून कापा, तेवढंच राहतं. आणि पाठवत नाही. कारण तिने उलट विचारलं, "बाबा, वाचलं असतंत तर ठेवलं असतंत का?" तर?

वृत्त एवढंच. जयमाला खानोलकर, मुक्काम लंडन. परतीची तारीख उपलब्ध नाही. शेवटची दोन पानं न वाचता कापणारा इसम वाशीतच राहतो. त्याच्याकडून अद्याप खुलासा आलेला नाही.