औषधाचा डबा

लिहा — शुक्रवार, दुपारचे चार, कारखान्याचं जेवणघर. मंचावर एक टेबल, टेबलावर सहा डबे, माईक चालू. एवढं तर खरं आहे ना, साहेब? मग लिहा की. पेन का थांबलं? तुम्हीच म्हणालात ना दारात उभं राहून — बाई, काय घडलं ते तुमच्या तोंडून सांगा, मी लिहून घेतो, तुम्ही खाली सही करा, संध्याकाळच्या पाळीला नवरा कामावर. ह्यांनीही ऐकलं ते, म्हणून तर उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलेत. सोळा वर्षं बाटल्या खोक्यात भरतोय तो माणूस, आज सकाळी फाटकावरून परत पाठवलात. कारण विचारलं तर पहारेकरी म्हणतो, साहेबांना विचार. आता साहेब स्वतःच आलेत, विचारायचा त्रास वाचला. बसा. नाही, त्या खुर्चीवर नको — इकडे, खिडकीच्या बाजूला सरका. सासूबाईंना डावीकडचं दिसत नाही. कोण आलंय ते दिसू दे त्यांना.

चहा घ्या. साखर? नाही घातली. तुमच्याच पत्रकात छापलंय ना माझ्या फोटोखाली, 'साखर अर्ध्यावर आणली'? ती त्या वेळी. त्यानंतर भाडं वाढलं, मग ती अर्धीही गेली. प्या, सवय होते. आम्हाला झाली.

तर सुरुवातीपासून सांगते, मधूनच लिहिलंत तर मालकांना वाटेल बाईच्या डोक्यात अचानक वारं शिरलं. तुम्हाला तेच हवंय, कळतं मला, पण तसं नाही. तुम्ही गेल्या वर्षी इथे आलात ते का? तर पगारवाटपाच्या खिडकीवर तुमच्या लक्षात आलं की भरणा खात्यात सगळे उचल घेतात, आमचे हे एकटे कधी घेत नाहीत. म्हणालात, याची बायको कोण आहे, बघायला पाहिजे. आलात, बघितलंत. फळीवर सहा डबे — भाडं, वाणसामान, वीज-पाणी, शाळा, औषध, अडीनडी. पगार आला की त्याच दिवशी वाटायचा, आणि एका डब्यातलं दुसऱ्यात टाकायचं नाही, घर पेटलं तरी नाही. लग्न झाल्यापासून माझं तसंच. तुम्ही केवढे खूश! म्हणालात, बाई, हे तुम्ही सगळ्या कामगारांच्या बायकांना सांगायला हवं, तुमच्या भगिनींचं भलं होईल. भगिनी! त्या दिवसापर्यंत मला कोणी भगिनींचं भलं करायला बोलावलं नव्हतं हो. मी शेजारणीची चप्पल मागून आणली, आरशासमोर चार दिवस बोलून बघितलं, सासूबाईंना समोर बसवून ऐकवलं. आणि कुटुंब मेळाव्यात बोलले. खोटं कशाला सांगू, आवडलं मला. टाळ्या पडल्या, कुकर मिळाला, बोललेलं सगळं फोटोसकट तुमच्या पत्रकात छापून आलं. मी साखरेचं सांगितलं, मुलीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून नवी वही शिवते ते सांगितलं, आणि छाती पुढे काढून सांगितलं — सासूबाईंच्या डोळ्यांच्या औषधाचा खर्चही मी निम्म्यावर आणला. त्याला सगळ्यात जोरात टाळ्या. पहिल्या रांगेतून. तुमच्या.

पुढे काय झालं? कामगारांनी वाढ मागितली, आणि फाटकाशी नोटीस लागली. वाढ शक्य नाही, आणि शेजारी माझा फोटो, डब्यांसकट, हसणारा — 'याच पगारात एक गृहिणी सहा डबे भरते, मग इतरांना का जमू नये?' हे तुमच्या हातचं वाक्य, ओळखलं मी, असं गोड तुम्हीच लिहिता. मला विचारलंत? नाही. दोनशे घरांची वाढ माझ्या तोंडाने मारलीत आणि मला कुकर दिलात. नळावर गेले की बायका म्हणायच्या, सरका गं, काटकसरबाई आल्या, थेंब मोजून भरतील. कारखान्यातल्या भट्टीवाल्याच्या बायकोने तर बादली आपटून सांगितलं, तुझ्या जिभेने आमच्या पोरांचं दूध खाल्लं. खरंच बोलत होती ती. त्या दिवशी घरी आले आणि कुकर माळ्यावर टाकला. अजून तिथेच आहे, हवा तर घेऊन जा.

पण तेवढ्यावर मी मंचावर चढले नसते, साहेब. अपमान गिळायची सवय आहे आम्हाला, त्याला वेगळा डबा लागत नाही.

महिन्यापूर्वी सासूबाई चहा ओतायला लागल्या तो कपाच्या बाहेर. मी ओरडले — हो, ओरडले त्यांच्यावर, साखर-पावडर वाया गेली म्हणून. मग बघितलं, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, नेहमी डावा. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा मारून बघितलं आणि विचारलं, आजी, थेंब घालता ना रोज? म्हणाल्या, घालते की, एकही रात्र चुकवत नाही. दोन्ही डोळ्यांत? तर ह्या पदर बोटाला गुंडाळायला लागल्या. मग लहान मुलीसारख्या म्हणतात, उजव्यात. बाटली एक महिना पुरायची ती दोन महिने पुरते. सूनबाईचा डबा पुरायला हवा ना.

ऐकताय ना? मी डब्यांतून बोट फिरवत होते, औषधाचं कसं बाई उरतं म्हणून फुशारत होते, आणि ही म्हातारी उशाशी बसून रोज रात्री एक डोळा माझ्या डब्यात टाकत होती. बाटली तिच्याच उशाशी, घालायची तीच, मला काय कळणार — असं मी स्वतःला सांगते. सांगते आणि मग झोप लागत नाही. डावा गेला. पूर्ण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही. वर्षभर आधी कोणी लक्षात आणून दिलं असतं तर राहिली असती.

आणि त्याच आठवड्यात तुमचा माणूस निरोप घेऊन दारात — कुटुंब मेळावा आहे, मालक येणार आहेत, मागच्या वर्षीसारखं बोला. शेजारीण म्हणाली, तोंडावर दार आपट. मी म्हटलं, येते. मी म्हटलं, आनंदाने येते. मागच्या वेळी चार दिवस तयारी केली होती, ह्या वेळी महिनाभर केली.

लिहा आता, मुद्द्याचं आलं. मी माईकवर म्हणाले, ह्या वेळी डबे मी नाही भरणार, साहेब भरतील, मी नुसतं बघेन. लोक हसले, मालक हसले, तुम्ही तर बाह्या वर केल्यात. आमच्या ह्यांचा पगार तुमच्या हातात दिला, नोटा-नाणी सगळं, आणि एकेक सांगत गेले. भाडं — वाढलेलं. टाकलंत. शाळेची फी — टाकलीत. वीज-पाणी, औषध, मग उरलं ते वाणसामानात. मग हात थांबला. अडीनडीचा डबा उघडून बघितलात, रिकामा. वाणसामानातून काढून शाळेत टाकलंत, मग परत शाळेतून काढून वाणसामानात. मागून कोणीतरी ओरडलं, साहेब, साखर सोडा! काय हशा पिकला. तुमच्या कपाळावर घाम आलेला मी अगदी जवळून बघितला, आणि सांगू का, वर्षभरात मला पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं. मग तुम्ही औषधाचा डबा उचललात, वाणसामानाच्या डब्यात उलटा केलात, आणि माईकवर म्हणालात, औषध एखादा महिना लांबवता येतं. हे तुमचे शब्द. दोनशे माणसांनी ऐकलेत, मी शिकवलेले नाहीत, युनियनने शिकवलेले नाहीत. तेव्हा मी सासूबाईंना हाक मारली. त्या एक हात पुढे धरून पायऱ्या चढल्या, आणि मी फक्त एवढं विचारलं — सांगा साहेब, कुठल्या डोळ्याचं लांबवायचं?

एवढाच माझा गुन्हा. मालक उठून गेले, माईक बंद झाला, आणि भट्टीवाल्याची बायको वर आली, सासूबाईंचा हात धरून त्यांना खाली घेऊन गेली. माझ्याशी बोलली नाही. पण घेऊन गेली.

आता तुमच्या कागदावर काय आहे — वाचलंय मी, उलटा धरलात तरी वाचता येतं — 'युनियनच्या चिथावणीवरून बोलले, पश्चात्ताप होतो.' नाही करत सही. ह्यांनी पायरीवरून मान हलवली ती दिसली ना तुम्हाला? ती नाही म्हणून हलवली. नोकरी घेताय? घ्या. पण ती कशासाठी घेतली ते त्याच फाटकावर लावा, माझ्या फोटोच्या शेजारी.

उठता? थांबा, चहा संपवा. एक राहिलं. हे मी काल जेवणघरात बोलले नाही, कारण मला माहीतच नव्हतं. काल घरी येताना रस्त्यात सासूबाई म्हणाल्या, त्या साहेबाला कशाला विचारलंस गं सगळ्यांसमोर? त्याला ठाऊक आहे की. मी म्हटलं, काय ठाऊक आहे? म्हणाल्या, मागच्या वर्षी तो डबे बघायला आला होता, तू आत चहा करत होतीस. औषधाचे पैसे उरलेत ते बघून त्याने विचारलं, आजी, हे कसं उरतं? मी सांगितलं, एकाच डोळ्यात घालते, सुनेला बोलू नका. हसला तो. म्हणाला, वा आजी, तुमच्याकडून शिकायला पाहिजे.

मागच्या वर्षी, साहेब. ह्याच खोलीत. मी आत होते, तुम्ही इथे होतात, त्या इथे होत्या. तुम्हाला कळलं होतं. आणि मग तुम्ही ते छापलंत — औषधाचा खर्च निम्मा.