साहेब दाराबाहेर

अनुदान कसं मिळालं विचारतेस, तर ते सासूबाईंमुळं. उदगीरला घरातच माझं लेडीज पार्लर हाय. अर्जाच्या तपासणीला साहेब आले, तर सासूबाईंनी त्यांना दारातच अडवून पाटी दाखवली: पुरुषांना प्रवेश नाही.

"मावशी, मी सरकारी अधिकारी हाय."

"असा की. आत बायका तोंडाला लेप लावून बसल्यात."

मी आतून ऐकत होते, पण गिऱ्हाइकाची अर्धी भुवई सोडून उठू कशी? साहेब निघून गेले. दोन दिवस मी सासूबाईंशी बोलले न्हाई.

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. भुवया, फेशियल, सगळं करून घेतलं अन् जाताना म्हणाल्या, "साहेबांनी पाठवलंय. मी त्यांची मिसेस."

अनुदान मंजूर झालं. साहेबांनी अहवालात लिहिलं होतं, 'पार्लर चालू असल्याची खात्री माझ्या घरीच झाली.'